दुसऱ्या चालीला आलेली टांग

समोरचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असेल. खुर्चीत बसून पटाच्या पलीकडच्या टोकापर्यंत हात पोचेना, म्हणून तो खुर्चीवर गुडघे टेकून खेळत होता. मंगल कार्यालयात भरलेली रविवारची स्पर्धा, दुसरी फेरी, डोक्यावर पंख्यांची घरघर. त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मीही टाकलं. लगेच त्याने राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, घड्याळ दाबलं आणि माझ्याकडे बघत बसला. फुकटचं प्यादं, घ्या म्हणून समोर ठेवलेलं.

मी घेतलं. त्याने राजाकडचा घोडा काढला. घेतलेलं प्यादं राखायला मी जी५ वर आणखी एक प्यादं ढकललं. त्याने उंट सी४ वर आणला. माझं जी प्यादं पुढे जाऊन त्याच्या घोड्यावर चालून गेलं, तर त्याने घोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही, शांतपणे कॅसलिंग केलं. मी घोडाही घेतला. आता माझ्याकडे एक घोडा आणि एक प्यादं जास्त होतं आणि एकविसाव्या चालीला माझ्यावर मात झाली. माझा वजीर-बाजूचा हत्ती, घोडा आणि उंट तेव्हाही आपापल्या मूळ घरात उभे होते. डाव संपला तेव्हा ते हलले नव्हते, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर अर्धं ओढलं की काउंटरवरच्या काचेवर मी कापडी पट पसरते. त्या रविवारी रात्री घडी घातलेला स्कोअरशीट पर्समधून काढला आणि तो डाव पुन्हा मांडला. मग पुढचं दीड वर्ष मी एकाच प्रश्नाला चिकटून राहिले: दुसऱ्या चालीला एफ४ आलं तर काय करायचं? त्या दीड वर्षात जे हाती लागलं ते सांगायचं आहे. बुद्धिबळ जेमतेम खेळणाऱ्यालाही ते कळेल, आणि रोज खेळणाऱ्याला कदाचित स्वतःचा एखादा डाव आठवेल.

आधी घरांची नावं. पटाच्या उभ्या रेघांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी अक्षरं, आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर, काळ्याचा ई८ वर. पहिली चाल ई४, उत्तर ई५, आणि दुसरी चाल एफ४: हा किंग्ज गॅम्बिट. ही फार जुनी सुरुवात आहे. स्पेनचे पाद्री रुय लोपेझ यांनी १५६१ मध्ये बुद्धिबळावर जो ग्रंथ लिहिला त्यातही ती आहे.

‘गॅम्बिट’ हा शब्द इटालियन ‘गांबेत्तो’वरून आला, आणि त्याचा अर्थ पायात पाय घालून पाडणं. हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. कृष्णाकाठच्या आमच्या गावच्या तालमीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. कुस्तीत टांग मारणारा पैलवान क्षणभर एकाच पायावर असतो. तेवढ्यात समोरचा सावध असला तर पडतो तो टांग मारणाराच. एफ४ ची चाल अगदी तशी आहे. ते प्यादं पुढे गेलं की पांढऱ्याच्या राजाची एक बाजू उघडी पडते: एच४ पासून ई१ पर्यंतची तिरपी वाट मोकळी होते. त्या बदल्यात पांढऱ्याला मिळतं ते असं. काळ्याचं ई५ चं प्यादं एफ४ घ्यायला गेलं की मध्यातून नाहीसं होतं, पांढऱ्याला डी४ करून सगळा मध्य व्यापता येतो, आणि एफची रेघ उघडली की कॅसलिंग केलेला हत्ती सरळ एफ७ वर रोखला जातो. सुरुवातीला एफ७ च्या घराला राजाशिवाय दुसरा कोणी राखणदार नसतो. लहान मुलांचे निम्मे डाव याच घरावर संपतात.

आजोबा मंदिराच्या पारावर बुद्धिबळही खेळायचे, पण देशी पद्धतीने. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं आणि राजाला शह बसलेला नसेल तर आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची. त्या खेळात दुसऱ्या चालीला अशी धडक बसतच नाही. दोन्ही फौजा निवांत उभ्या राहतात, मग भिडतात. प्याद्याला दोन घरं चालायची मुभा मिळाली आणि पुढे वजीर-उंटाची चाल लांब पल्ल्याची झाली, तेव्हा युरोपातला खेळ अंगावर येणारा झाला, आणि गॅम्बिट त्या वेगातूनच आले.

या सुरुवातीची मोहिनी किती आहे, ते एका डावावरून कळतं. २१ जून १८५१, लंडन. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू असताना अडॉल्फ अँडरसन आणि लिओनेल किसेरित्स्की सहज म्हणून एक डाव खेळायला बसले. अँडरसननी किंग्ज गॅम्बिट खेळला. पुढे त्यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि तेविसाव्या चालीला उरलेला उंट आणि दोन घोडे यांच्या जोरावर मात केली. जग त्याला ‘अमर डाव’ म्हणतं. सगळे अँडरसनचे बळी मोजतात. मी मात्र तो डाव मांडला की किसेरित्स्कींकडे बघत बसते. त्यांचा वजीर ए१ च्या कोपऱ्यात हत्ती खाऊन उभा आहे, एक उंट जी१ वर दुसरा हत्ती खाऊन उभा आहे, आणि त्यांचा राजा घरी एकटा. पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून पोट भरणारा माणूस होता तो, कच्चा खेळाडू नव्हे. माझ्या त्या रविवारच्या डावात आणि या डावात एवढं साम्य होतं की मला धीर आला.

मग बचाव शोधायला लागले. पहिली चूक अशी झाली की मी सगळेच शोधले. पुस्तकं, व्हिडिओ, संगणक. संगणक तर ठामपणे सांगतो की एफ४ नंतर प्यादं घेतलं की काळ्याची बाजू थोडी वरचढ. हे वाचून मी पुन्हा जी५ खेळायला गेले आणि पुन्हा हरले. कारण ती वरचढ बाजू टिकते ती लागोपाठ दहा-बारा अचूक चाली सापडल्या तर. संगणकाला त्या क्षणात दिसतात. माझ्या घड्याळात पंचवीस मिनिटं असतात आणि सकाळपासून दोन डाव खेळून झालेले असतात.

पहिला आसरा घेतला तो प्यादं न घेण्याचा. दुसऱ्या चालीला उंट सी५ वर. हा उंट जी१ च्या घरावर डोळा ठेवतो, त्यामुळे पांढऱ्याला राजाच्या बाजूला लवकर कॅसलिंग करता येत नाही. वर त्यात एक सापळा आहे, आणि लहान मुलं त्यात हमखास सापडतात. पांढऱ्याला वाटतं, ई५ चं प्यादं मोकळं आहे, एफच्या प्याद्याने खाऊन टाकावं. खाल्लं की काळ्याचा वजीर एच४ वर येऊन शह देतो. जी३ करून अडवलं तर वजीर ई४ चं प्यादं शह देत खातो आणि त्याच वेळी कोपऱ्यातला हत्तीही धरतो. राजा ई२ वर सरकला तर वजीर ई४ वर येतो आणि तिथेच मात. चौथ्या चालीला! माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहा वर्षांखालच्या मुलांना मी अजूनही हाच बचाव देते. त्यांची मोहरे बाहेर काढायची सवय त्याने मोडत नाही, उलट पक्की होते.

मी स्वतः तो सोडला. प्रतिस्पर्धी जाणता असला की तो ई५ खात नाही. तो सावकाश घोडे-उंट काढतो आणि मग एफचं प्यादं एफ५ वर नेऊन माझी राजाकडची बाजू आवळतो. पंधराव्या चालीपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि मग श्वास कोंडतो. अशा दबलेल्या स्थितीत तग धरणारे खेळाडू असतात, मला ते जमत नाही. बचाव निवडताना हे स्वतःशी कबूल करायला मला सहा महिने लागले.

उलटा वार करून पाहिला, तो फाल्कबिअर. दुसऱ्या चालीला डी५, पांढऱ्याने ते प्यादं घेतलं की ई४. आता प्यादं आपण दिलेलं असतं आणि आपलं ई४ चं प्यादं पांढऱ्याच्या घशात काट्यासारखं बसतं. खेळायला सुंदर. पण डी३ करून तो काटा काढता येतो, हे ज्याला ठाऊक त्याच्यापुढे माझ्याकडे काहीच उरायचं नाही. तीन डाव खेळले, सोडून दिला.

फिशरचा बचाव मात्र मी मन लावून शिकले, आणि त्याची गोष्टही तशीच आहे. १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे सतरा वर्षांच्या बॉबी फिशरपुढे बोरिस स्पास्कीने किंग्ज गॅम्बिट टाकला. फिशरने प्यादं घेतलं, जी५ केलं, जास्तीचं प्यादं राखलं, चांगल्या स्थितीत पोचला आणि शेवटी घसरून हरला. स्पर्धेत दोघे बरोबरीने पहिले आले, पण तो पराभव फिशरने पोटात ठेवला नाही. १९६१ मध्ये त्याने लेख लिहून जाहीर केलं की किंग्ज गॅम्बिटचा निकाल लागला, आणि त्यासाठी चाल सुचवली तिसऱ्या चालीला डी६. दिसायला किती साधी! एक प्यादं एक घर पुढे. पण तिची मेख अशी आहे. जी५ केल्यावर पांढरा एच४ ने त्या साखळीवर घाव घालतो. मग आपलं जी प्यादं जी४ वर गेलं की एफ३ चा घोडा उडी मारून ई५ वर येतो आणि तिथून एफ७ वर डोळे वटारतो. स्पास्कीचा घोडा असाच आला होता. डी६ चं प्यादं आधीच उभं असेल तर ई५ चं घर बंद, आणि घोड्याला बहुधा हात हलवत मूळ घरी परतावं लागतं. एका पराभवातल्या एका घोड्याच्या एका घरासाठी फिशरने ही चाल शोधली. आपल्या हरलेल्या डावाकडे असं बघता आलं पाहिजे, असं मला तेव्हा फार वाटलं. पुढे त्याच फिशरने १९६३-६४ च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी किंग्ज गॅम्बिट खेळून लॅरी इव्हान्सला हरवलं. फक्त तिसऱ्या चालीला घोडा न काढता उंट सी४ वर नेला.

हा बचाव खरोखर मजबूत आहे. पण त्यात राजाच्या बाजूची प्यादी पसरतात, राजाला नीट घर मिळत नाही आणि ते एक जास्तीचं प्यादं शेवटपर्यंत सांभाळत बसावं लागतं. चाळीसाव्या चालीपर्यंत माझ्या खांद्यांत गोळे यायचे.

आणि मग इमॅन्युएल लास्करनी मला सोडवलं, तेही दुसऱ्याच एका गॅम्बिटमधून. इव्हान्स गॅम्बिट हे वेल्सच्या विल्यम डेव्हिस इव्हान्स नावाच्या जहाजाच्या कप्तानाचं अपत्य. त्यात पांढरा चौथ्या चालीला बी४ चं प्यादं उंटापुढे टाकतो. एकोणिसाव्या शतकात या गॅम्बिटने भल्याभल्यांची झोप उडवली होती. लास्करनी काय केलं? प्यादं घेतलं, डी६ केलं, आणि पांढरा मध्यात चालून आला तसा उंट बी६ वर नेऊन जणू सांगितलं, हे घ्या तुमचं प्यादं परत. पांढऱ्याने ते घेतलं तर वजिराला वजीर जातो, प्यादी समसमान होतात, हल्ला विरून जातो आणि पांढऱ्याची ए आणि सी रेघेवरची प्यादी एकमेकांच्या आधाराविना उरतात. घेतलं नाही तर काळा एका प्याद्याने वर. वादळ बघायला जमलेल्यांपुढे त्यांनी वाराच काढून घेतला. याच्या शेजारी मी १९९५ चा रीगाचा डाव मांडला. कास्पारोव्हनी विश्वनाथन आनंदपुढे तोच इव्हान्स गॅम्बिट टाकला. आनंदने उंट ई७ पर्यंत मागे घेतला, प्यादं जास्तीचं राहिलं, पण मोहरे एकमेकांच्या पायात येत राहिले आणि पंचविसाव्या चालीला डाव सोडावा लागला. आनंदसारख्याला प्यादं जड गेलं, तर काउंटरवर बसून गोळ्यांची पाकिटं मोजणाऱ्या मला ते हलकं कसं वाटणार?

तेव्हा ठरलं. प्यादं घ्यायचं, आणि लगेच परत द्यायचं. द्यायची वेळ मात्र आपण ठरवायची.

यासाठी किंग्ज गॅम्बिटमध्ये चाल आहे तिसऱ्या चालीला डी५. १९१२ मध्ये अबाझिया इथे, आजच्या क्रोएशियातल्या ओपातियात, फक्त किंग्ज गॅम्बिटच खेळायचा अशी स्पर्धा झाली. त्या गावाचं नाव या बचावाला चिकटलं. ती स्पर्धा रुडॉल्फ स्पिलमननी जिंकली, आणि गंमत म्हणजे पुढे लेख लिहून किंग्ज गॅम्बिट आता आजारी पडला आहे हे त्यांनीच सांगितलं.

चाली अशा: ई४ ई५, एफ४ आणि काळ्याने ते घेतलं, पांढऱ्याचा घोडा एफ३, आणि काळ्याचं डी५. पांढरा ई प्याद्याने डी५ घेतो. हिशेब बरोबर झाला. पण पट बघा. पांढऱ्याचं मध्यातलं ई४ चं प्यादं जागेवरून हललं. माझ्या सी८ च्या उंटाची वाट खुली झाली. मग मी घोडा एफ६ वर काढते. पांढरा उंट सी४ वर आणतो, माझा घोडा डी५ चं प्यादं उचलतो आणि पटाच्या मधोमध उभा राहतो. तिथून तो एफ४ च्या माझ्या प्याद्यालाही राखतो. पुढे उंट ई७, कॅसलिंग, आणि माझा राजा दाराआड. पांढऱ्याने उंट बी५ वर आणून शह दिला, तर मी सी६ करते. त्याने ते घेतलं तर माझा वजीर-बाजूचा घोडा सी६ वर येऊन परत घेतो. म्हणजे ज्या मोहऱ्याला त्या रविवारी मी हलवूसुद्धा शकले नव्हते, तो समोरच्याच्या मेहरबानीने सहाव्या चालीला बाहेर येतो. पहिल्यांदा असं घडलं तेव्हा मला दुकानात एकटीला हसू फुटलं होतं.

या बचावाची भलामण करताना एक डाव लपवून चालणार नाही. त्याच १९६० साली लेनिनग्राडला डेव्हिड ब्रॉनस्टाइननी स्पास्कीपुढे हाच डी५ खेळला, पण पुढे घोडा एफ६ ऐवजी उंट डी६ वर ठेवून एफ४ चं प्यादं राखलं, आणि आठव्या चालीला एच६ अशी एक सुस्त चाल केली. स्पास्कीने पंधराव्या चालीला घोडा डी६ वर टाकला, स्वतःचा हत्ती खुशाल मरू दिला आणि तेविसाव्या चालीला डाव जिंकला. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात सुरुवातीला बुद्धिबळाचा जो डाव दिसतो, तो थोडा फेरफार करून हाच. नाव तेच, तिसरी चाल तीच, तरी असं होऊ शकतं. म्हणून मी हा एकच बचाव घेऊन पन्नासएक डाव खेळले. नोंदी वहीत लिहिल्या, आणि जिथे चुकले तिथे लाल पेन.

माझी भाची सातवीत आहे. क्लास सुटला की दुकानात येते, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसते. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्रातून कापलेला नागपूरच्या दिव्या देशमुखचा फोटो आहे, २०२५ चा महिला विश्वचषक हातात धरलेला. तिचा स्वभाव माझ्या उलट. तिला मोहरे अंगावर आलेले आवडतात. तिच्यासाठी डी५ योग्य नाही, हे मी तिला स्वतःच सांगितलं. ती काळ्याकडून फिशरचा डी६ खेळते आणि ते प्यादं दात रोवून शेवटपर्यंत राखते. जिंकतेही. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा बचाव बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात मारू नये. शिकवणाऱ्यांकडून ही चूक फार होते. आपला बचाव तो शहाणा बचाव असं वाटायला लागतं.

पांढरे मोहरे मिळाले की ती माझ्यावर एफ४ टाकते. मी घेते. ती घोडा काढते, मी डी५ करते आणि तिचं तोंड वाकडं होतं. “आत्या, तू नेहमी परत का देतेस गं? एकदा तरी ठेव ना!” गेल्या आठवड्यात मात्र तिने घोड्याला हातच लावला नाही. तिसऱ्या चालीला उंट उचलला आणि सी४ वर ठेवला. फिशरने लॅरी इव्हान्सवर टाकलेली चाल. कुठून वाचलं विचारलं तर नुसती हसली.

एक गिऱ्हाईक रक्तदाबाच्या गोळ्या मागत उभं होतं. त्यांना पाकीट दिलं, सुटे पैसे दिले, आणि परत येऊन पटाकडे बघत राहिले. एच४ वर जाऊन शह द्यायचा मोह किसेरित्स्कींनाही झाला होता. वजीर मी तिथेच राहू दिला. घोडा एफ६ वर काढला. तिचा घोडा सी३ वर आला की सी६, आणि मग डी५ पुन्हा येतंच; हे मी आदल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवलं होतं. तिने माझ्या घोड्याकडे पाहिलं, स्टूल पुढे ओढलं आणि दोन्ही कोपरं काचेवर टेकवून विचार करायला लागली.